मांजरं धरण्याचे शनिवार

आमच्या सोसायटीत माझ्याविषयी एक वाक्य ठरून गेलेलं होतं. मी पिशवी घेऊन जिना उतरले की वरच्या मजल्यावर कुणीतरी कुणाला तरी ते ऐकवायचं. ‘मूल नाही ना, मग मांजरावर हौस भागवते बिचारी.’ आवाज खाली येईल एवढा मोठा आणि मी वळून बघणार नाही एवढा बारीक. ‘बिचारी’ हा शब्द मी बोरिवलीत जेवढा ऐकला तेवढा माहेरी कुडाळात विधवांच्या बाबतीतसुद्धा ऐकला नव्हता.

मी कधी उलट बोलले नाही. माझा स्वभावच तो. साड्यांना फॉल लावण्याचं काम मी घरी करायची, आणि त्या कामात एक बरं असतं, ओठांत सुई धरली की कुणी बोलण्याची अपेक्षा करत नाही. पण आता वय झालंय, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, आणि त्या वाक्यातला ‘बिचारी’ मला अजून खुपतो. म्हणून हे लिहून छापायला देते. मी बिचारी नव्हते. मी लबाड होते, आणि ती लबाडी एका चांगल्या माणसाच्या जिवावर चालली होती. ते माणूस म्हणजे माझी सासू.

गिरण्यांचा संप मोडून गेल्यानंतरची ही वर्षं. सासरे संपाच्या आधीच गेले होते. सासूबाईंनी परळची खोली देऊन बोरिवलीला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला, आणि आम्ही तिघं तिथं राहायला आलो. हे अंधेरीला औषधाच्या कारखान्यात कामाला. आम्हा तिघांच्या मागोमाग चौथी आली ती कबरी. तळमजल्याच्या मीटरबॉक्सखाली ती जन्मली होती, आणि डोळे उघडल्यावर सरळ जिने चढून आमच्या गॅलरीत येऊन बसली. काळा, पांढरा आणि तांबूस, तिन्ही रंग, आणि डाव्या कानाला टोकाशी एक लहानशी खाप.

सासूबाईंना मांजराचं वावडं नव्हतं. मालवणी बाई, मासे साफ करताना बाजूला मांजर नसेल तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. पण एकदा बांगडे कापताना कबरीनं डोक्यासाठी झेप घेतली आणि त्यांच्या मनगटाला नख लागलं. रक्त यायच्या आधीच त्या घाबरल्या. गावाकडे त्यांच्या चुलत भावाला कुत्रं चावलं होतं आणि पुढे जे झालं ते त्यांनी लहानपणी खिडकीतून बघितलं होतं. त्या गोष्टीविषयी त्या कधीच पूर्ण बोलत नसत.

“ह्या मांजराक टोचून आण,” त्या म्हणाल्या. “आणि तू पण शनवारी अंधेरीक जातलंस मा? दोनव कामां एकदमच कर.”

माझं अंधेरीचं काम म्हणजे बायकांची डॉक्टरीण. लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती. शेजारच्या कुणीतरी नाव सुचवलं होतं, सासूबाईंनी शनिवार ठरवला होता. जनावरांचा दवाखानाही त्याच रस्त्याला, चार दुकानं सोडून. तेव्हा आमच्या बाजूला जनावरांचा डॉक्टर सहजासहजी मिळत नसे, आणि मांजराला डॉक्टरकडे नेतात हे ऐकून आमच्या मजल्यावर हसता हसता एकीला ठसका लागला होता.

तर त्या शनिवारी मी कापडी पिशवीत कबरीला घातलं, तोंडाशी नाडी आवळून फक्त मान बाहेर ठेवली, आणि बसनं अंधेरीला गेले. पहिल्यांदा डॉक्टरणीकडे. पिशवी बाकाखाली ठेवली. आत टेबलावर झोपवलं, तपासलं, विचारलं. किती वर्षं झाली. पाळी कशी येते. घरात कुणाला असा त्रास. मी छताकडे बघत उत्तरं दिली. शेवटी हात धुता धुता त्या म्हणाल्या, “तुमच्यात मला तरी काही दोष दिसत नाही. पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. त्यांची तपासणी झाल्याशिवाय पुढे काही करता येणार नाही.”

मग जनावरांचा दवाखाना. डॉक्टर उंच, जाड हातांचे. आयुष्यभर जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतल्या म्हशी तपासलेले, त्यामुळे मांजराशीसुद्धा म्हशीशी बोलावं तसं मोठ्यानं बोलत. त्यांनी पिशवीसकट कबरीला भाजीवाल्याकडे असतो तसल्या ताणकाट्याला लटकवलं, नंतर पिशवीचं वजन वजा केलं. हिरड्या बघितल्या, कान हुंगले, शेपटी उचलून थर्मामीटर घातला. “खाते?” “हो.” “हगते?” “हो.” “उलट्या, जंत?” “नाही.” “कधी टोचलंय?” “कधीच नाही.” “मग आता दर वर्षी. विसरायचं नाही. काही झालं नाही म्हणून टोचायचं, काही झाल्यावर टोचून उपयोग नाही.” बर्फाच्या थर्मासमधून बाटली काढली, काचेच्या सिरिंजमध्ये औषध भरलं.

आणि हाक मारली, “अरे, धर रे.”

कंपाउंडर दारातच उभा राहिला. हा दाढीवाला आडदांड माणूस अल्सेशियनच्या तोंडाला दोन फेऱ्यांत पट्टी बांधायचा, हे नंतर मी शंभरदा बघितलं. पण मांजर बघितलं की तो मागं सरे.

“डॉक्टर, कुत्रा सांगून चावतो. आधी गुरगुरतो, मग दात. मांजर म्हणजे डायरेक्ट ब्लेड. आपल्याला नाय जमत.”

“मग पगार कसला घेतोस?”

“कुत्र्याचा.”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून लक्षात आहे. आणि म्हटलं, मी धरते. डॉक्टरांनी दाखवलं: मानेमागची कातडी मुठीत घ्यायची, सैल नाही, घट्ट नाही, आई पिलाला तोंडात धरते तशी, दुसऱ्या हातानं मागचे पाय टेबलाशी दाबायचे, आणि हात थरथरू द्यायचा नाही, कारण मांजराला ते आपल्याआधी कळतं. कबरी मऊ झाली. सुई गेली आणि आली. डॉक्टर म्हणाले, “हात चांगलाय. काय करता?” मी सांगितलं, फॉल लावते. “म्हणून,” ते म्हणाले. एवढंच. मुलंबाळं किती, हे त्यांनी विचारलं नाही. बाकावर बसलेल्या कुणीच विचारलं नाही. तिथे प्रत्येकाच्या मांडीवर कुणीतरी होतं आणि सगळी विचारपूस त्या मांडीवरच्याची.

घरी आल्यावर रात्री मी ह्यांना डॉक्टरणीचं म्हणणं सांगितलं. ह्यांनी बराच वेळ पायाचं नख खाजवलं.

“बघू,” म्हणाले. “आईला नको सांगू. तिला वाईट वाटेल.”

“मग काय सांगू?”

“सांग, दर महिन्याला बोलावलंय.”

म्हणजे लबाडीचं पहिलं वाक्य माझं नव्हे, ह्यांचं. पण मी ते उचललं, आणि जे उचललं त्याचा मला भार वाटला नाही, हे खरं आहे. सासूबाईंना सांगितलं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जायचंय. सासूबाई उठल्या, देवापुढे निरांजन लावलं, गावच्या देवीला उभ्या उभ्या गाऱ्हाणं घातलं, आणि वळून म्हणाल्या,

“तुका दिस जाईसर मी मासो तोंडात घालूचंय नाय. देवीक सांगलंय.”

ज्यांना आमच्याकडची माणसं ठाऊक नाहीत त्यांना यात काही वाटणार नाही. पण सासूबाई अशा होत्या, की सोमवारी उपास असला तरी रविवारच्या आमटीचा वास पुरवून पुरवून घ्यायच्या. संपाच्या काळात घरात डाळ नव्हती तेव्हाही कुठूनतरी सुका जवळा पैदा करणारी बाई. तिनं मला दिवस जाईपर्यंत मासे सोडले. माझ्यासाठी. आणि मी ज्या तपासण्या करून घेणार होते त्यासाठी.

मी त्या तपासण्यांना पुन्हा कधी गेले नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ठेवणीतली साडी नेसून, सासूबाईंनी कपाळाला लावलेला अंगारा तसाच ठेवून अंधेरीला जायची, डॉक्टरणीच्या दारावरून पुढे चार दुकानं चालायची, आणि दुपारभर मांजरं धरायची.

झालं असं, की दुसऱ्या महिन्यात मी नुसती जंताची गोळी आणायला डोकावले, तर आत एक पारशी बाई पांढऱ्या बोक्याशी झगडत होती आणि कंपाउंडर स्टुलावर चढून सूचना देत होता. मी पदर खोचला. बोका धरला. डॉक्टर म्हणाले, “दर शनिवारी येत जा बाई, मांजरांना मी शनिवारच देतो.” मी म्हटलं, महिन्यातून एकदा येईन. तेव्हापासून मांजरं टोचायचा दिवस महिन्याचा पहिला शनिवार. डॉक्टरांनी तशी पाटीच लावली. कुणाला काही वाटलं नाही. माझ्या सासूबाईंची देवी आणि अंधेरीतली समस्त मांजरं एकाच वारावर आली.

ते शनिवार. मी त्यांच्याविषयी इतकी वर्षं कुणाशी बोलले नाही, पण आता लपवणार नाही: माझ्या आयुष्यात मी इतकी सुखात कधीच नव्हते. टॉवेलात गुंडाळून आणलेली मांजरं, उशीच्या खोळीतून आणलेली, एकदा तर प्रेशर कुकरच्या खोक्यातून. मढच्या बंगल्यांवर शूटिंगला नेतात तसला एक शिकवलेला कुत्रा यायचा, त्याला सुई टोचली की तो मेल्याचं नाटक करायचा आणि मालक म्हणायचा, अरे, आत्ता नाही, कट. कंपाउंडर मला ‘ब्लेड मॅडम’ म्हणायचा. मी हात पक्का केला. बोक्याला कसं धरायचं, पोटुशीला कसं, म्हाताऱ्या मांजराची हाडं कशी सांभाळायची. प्रत्येक वेळी तेच: वजन, हिरड्या, कान, ताप, सुई. कुणी आजारी नसायचं. धडधाकट जनावरं धडधाकट राहावीत म्हणून आणलेली. त्या साध्या कामात मला जे बरं वाटायचं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. तिथे कुणालाही माझ्यातून काही बाहेर काढायचं नव्हतं.

अर्थात ओरखडे यायचे. मनगटावर, कोपरापर्यंत. घरी विचारलं की मी म्हणायची, कबरीनं काढले. दुसरं काय सांगणार होते? एक लबाडी दुसरीला जेवू घालते ती अशी. कबरी बिचारी गॅलरीत उन्हात पोट वर करून झोपलेली असायची. बिचारी म्हणायचं तर तिला म्हणा.

वर्ष झालं, वरती काही महिने गेले. सासूबाई वालीच्या शेंगा आणि वाटाण्याची उसळ खात होत्या. मी ह्यांच्यासाठी मासे तळायची तेव्हा त्या गॅलरीत जाऊन बसायच्या, तोंड रस्त्याकडे करून. ते बघून माझ्या हातातला कालथा जड व्हायचा. मी ठरवायची, उद्या सांगते. उद्या आला की अंगाऱ्याची पुडी पुढे यायची.

मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं, की मांजराचे केस पोटात गेले तर गर्भ राहत नाही. आधीच त्या माझे हात बघत होत्या. एका शनिवारी मी अंधेरीहून परत आले तर कबरीचं गोणपाट धुऊन वाळत घातलेलं, तिची वाटी घासून पालथी. सासूबाई कधी नव्हे त्या गुणगुणत होत्या. हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपरामागे होते.

“अहो, कबरी कुठंय?”

पेपर हलला नाही.

“मी विचारलं काहीतरी.”

“मढला,” ह्यांनी सांगितलं. “वर्सोव्याहून होडीनं नेली. आई म्हणाली, पाणी ओलांडलं पाहिजे.”

आमच्याकडे मांजर मारत नाहीत. मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं म्हणतात, आणि तेवढं सोनं कुणाकडे असतं? म्हणून नकोशा मांजराला पोत्यात घालून पाण्यापलीकडे सोडतात. गावाकडे नदी, इथे खाडी. पाणी ओलांडलेलं मांजर वाट विसरतं.

“मालाडवरून बस जाते की मढला,” मी म्हटलं. काय बोलतेय ते माझं मलाच कळत नव्हतं.

सासूबाई आतून म्हणाल्या, “बसनं न्हेलंस तर बसचो नंबर वाचून परत येतला ता. म्हणान होडयेन धाडलंय.” मग बाहेर येऊन त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. “बग काय केल्यान तुज्या हातांचा. जनावरच ता. आता बरा होतला सगळा.”

त्यांच्या डोळ्यांत जी आशा होती ती बघून मला स्वतःची चीड आली. तशीच त्यांचीही आली. आणि पेपरामागच्या माणसाची सगळ्यात जास्त. त्या हातांवरचा एकही ओरखडा कबरीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापडी पिशवी घेतली. ह्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, मढला. कुणी अडवलं नाही, कारण मी अशी याआधी कधी बोललेच नव्हते.

होडीतून उतरलं की बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगाच रांगा, आणि त्यांच्याखाली मांजरं. पंधरा-वीस तरी. मी हाका मारत फिरले. मांजर हाकेला येत नाही हे मला चांगलं माहीत होतं. शेवटी एका उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत ती दिसली. डाव्या कानाला खाप. एका रात्रीत तिनं तिथे संसार मांडलेला होता. जाळ्यांच्या ढिगावर बसून पंजा चाटत होती.

मी वाकले तेवढ्यात एक कोळीण आली. माझ्याच वयाची, कमरेला लुगडं घट्ट, हातात कोयता.

“ए बाय, हात लावू नको. ती माझी हाय.”

“माझी आहे. काल कुणीतरी इथं सोडली.”

“सोडली ना? मग झाली माझी. रातीत दोन उंदीर धरले तिनं. जाली कुरतडून वाट लावली उंदरांनी. आज सकाली उचलाया गेली तर मना ही अशी बोचकारली.” तिनं कोपर दाखवलं. “तुझी हाय तर उचलून दाखव.”

मी पदर खोचला. मानेमागची कातडी मुठीत घेतली, दुसरा हात मागच्या पायांखाली. कबरी मऊ होऊन लोंबकळली.

कोळीण बघतच राहिली. “खरंच तुझी दिसते.”

 खरं तर त्या धरण्यानं तिथली कुठलीही मांजर अशीच गप्प झाली असती. पण ते तिला कशाला सांगा.

ती माझ्या हातांकडे बघून म्हणाली, “हे सगलं हिनंच केलं?” आणि त्या अनोळखी बाईला, कोयता घेऊन उभ्या असलेल्या, मी पहिल्यांदा खरं सांगितलं. नाही, म्हटलं, मी दवाखान्यात मांजरं धरते. टोचायला.

“मांजराला टोचतात?”

“दर वर्षी.”

ती एवढी हसली की पलीकडच्या दोघी उठून आल्या. मग हसू ओसरल्यावर तिनं स्वतःचं कोपर पुन्हा बघितलं. “आनि नाय टोचलं तर?” मी समजावलं. कोपर साबणानं धू, दवाखान्यात दाखव, मांजर टोचलेली आहे म्हणून सांग. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “घेऊन जा तुझी. पन तुझ्या डॉक्टरला हिकडं आन. आमची पन टोच. आनि धराया तूच ये, दुसरं कोन मरेल इथं.”

परत येताना बसमध्ये मी ठरवलं. घरात शिरले, पिशवी जमिनीवर ठेवली, नाडी सोडली. कबरी बाहेर आली आणि सरळ पाणी प्यायला गेली. सासूबाई भिंतीला टेकल्या. पाणी ओलांडून परत आलेलं मांजर त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

“मी आणली,” मी म्हटलं. “आणि सासूबाई, मी त्या डॉक्टरणीकडे जात नाही. एकदाच गेले होते. त्या म्हणाल्या, माझ्यात काही नाही, ह्यांना घेऊन या. तेव्हापासून मी शनिवारी जनावरांच्या दवाखान्यात जाते. हे ओरखडे तिथले आहेत. हिनं एकही काढलेला नाही.”

ह्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. विडी आणायला, म्हणाले. हे विडी ओढत नसत.

सासूबाई दाराकडे बघत म्हणाल्या, “तू थंय मांजरां धरीत होतंस.”

“हो.”

“आणि मी हय वाटाणे गिळीत होतंय.”

“हो. ते माझं चुकलं. आता मासे खा. माझ्यासाठी सोडू नका.”

“तू कोण सांगणारी? नवस मी देवीक केलंय, तुका नाय.” आणि त्या वाटाणे सोलायला बसल्या.

म्हणजे मी खरं सांगूनही काही सुटलं नाही. त्या मासे खाईनात. मुलाला काही बोलल्या नाहीत, मला बोलल्या नाहीत, आणि देवीकडे आता नक्की काय मागत होत्या ते मला विचारवेना. मीही हट्टाला पेटले. पहिल्या शनिवारी अंगारा न लावता, साधी साडी नेसून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणून निघायची, “दवाखान्यात जाते, मांजरं टोचायची आहेत.” वरच्या बायकांना ठसका लागायचा बंद झाला. आता त्या नुसत्या गप्प बसत, आणि ते मला ‘बिचारी’पेक्षा चाललं.

थंडीत डॉक्टर मढला यायला तयार झाले. आदल्या दिवशी मी भाकऱ्या बांधत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मी पण येतंय.” का, ते सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघायचं होतं की ते दीड वर्ष गेलं कुठे.

समुद्राकाठी टेबल मांडलं, थर्मास ठेवला, ताणकाटा बांबूला बांधला. कंपाउंडर कुत्र्यांकडे, मी मांजरांकडे. कोळणी मांजरांना मासळीच्या पाटीत घालून वर दुसरी पाटी उपडी ठेवून आणत होत्या. नाव काय विचारलं की हसायच्या, मांजराला काय नाव. सासूबाई बाजूला एका फळकुटावर बसल्या. आजूबाजूला बोंबील, मांदेली, जवळा. त्यांनी पदर नाकाला लावला नाही. डोळे मात्र माझ्या हातांवर.

ती कोयत्याची कोळीण त्यांच्यासाठी भाजलेलं सुकट आणि भाकर घेऊन आली. सासूबाईंनी हात जोडले. नवस आहे म्हणाल्या.

“कसला गं आये?”

सासूबाईंनी सांगितला. लपवायचं काय त्यात. सुनेला मूल व्हावं म्हणून.

कोळीण माझ्याकडे वळली. मी एका थोराड बोक्याला टेबलाशी दाबून धरलं होतं, दोन्ही हात अडकलेले. तिनं सहज, भाव विचारावा तसं विचारलं,

“आनि हिला पायजे हाय का?”

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. आईनं नाही, ह्यांनी नाही, डॉक्टरणीनं नाही. सासूबाईंना मी अर्धं खरं सांगितलं होतं, तेही सोयीचं, ज्यात दोष दुसऱ्याकडे जात होता. उरलेलं अर्धं मी माझ्याशीसुद्धा बोलले नव्हते. ह्यांनी ‘बघू’ म्हटलं त्या रात्री मला जे वाटलं होतं, ती सुटका होती. दर महिन्याला पाळी आली की मी मोरीत उभी राहून सुस्कारा टाकायची आणि बाहेर येताना चेहरा पाडायची.

डॉक्टरांनी सुई भरली होती. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला तोंड लपवायला हातात काही नव्हतं, हातात बोका होता.

“नाही,” मी म्हटलं. “मला कधीच नको होतं.”

 डॉक्टरांनी सुई टोचली, काढली, मागे सरले. सासूबाई हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिथे राग नव्हता. चुकीच्या स्टँडवर उभं राहून किती बसगाड्या गेल्या ते आठवणाऱ्या माणसासारख्या त्या बघत होत्या.

“माका आधी सांगूचा नाय?” त्या शेवटी म्हणाल्या.

“घाबरले.”

“माका?”

मी मानेनंच हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, “ता मांजर सोड. टोचून झाला त्याका. जीव घेतलंस.”

मी हात सैल केला. बोका उडी मारून गेला. पुढची पाटी आली.

मे महिन्यात सासूबाई एकट्याच गावाला गेल्या. मी येते म्हटलं, नको म्हणाल्या. देवीच्या पुढ्यात उभं राहून त्यांनी काय गाऱ्हाणं घातलं, नवस कुठल्या शब्दांत परत घेतला, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. परत आल्या त्या मासे खायला लागल्या. आमच्यात पुढे मुलाचा विषय निघाला नाही. कुणी बाहेरच्यानं काढला तर त्या म्हणायच्या, “देवीची मर्जी,” आणि माझ्याकडे न बघता विषय बदलायच्या. माझ्यासाठी त्या देवीच्या नावानं खोटं बोलत राहिल्या. त्यांनी सोडलेल्या माशांपेक्षा मला ते जास्त लागतं, अजून लागतं.

पण नको होतं याची मला लाज वाटत नाही. पुष्कळ शोधून बघितली, नाही सापडली. दवाखान्यातलं ते काम मी पुढे पगारावर केलं, डॉक्टर होते तोवर. किती मांजरं धरली त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

हे आहेत अजून. शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसलेत. मढचं त्यांना सासूबाईंनी सांगितलं नाही, मीही नाही. त्यांची अजून समजूत आहे की दोष त्यांच्यात होता आणि मी त्यांना सांभाळून घेतलं. त्या समजुतीपायी ते माझ्याशी एवढं चांगलं वागले की तेवढ्यावर दहा संसार निघाले असते. हे छापून आलं की ते चष्मा लावून पहिल्यापासून वाचतील, माझं काहीही ते तसंच वाचतात. वाचू देत. मग आत येऊन त्यांना जे विचारायचं ते विचारू देत. मी इथंच बसलेय.